चीन, कोरिया, जपान आणि शेजारी: पूर्व आशियाच्या सामाईक इतिहासाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्व आशियाचा सामाईक इतिहास म्हणजे नेमका कोणाचा इतिहास?

आजच्या नकाशानुसार चीन, तैवान, दोन्ही कोरिया, जपान आणि मंगोलिया एवढा प्रदेश पूर्व आशियात मोडतो. मात्र लिपी, ग्रंथपरंपरा आणि राज्यकारभाराची घडी पाहिली, तर भूगोलाने आग्नेय आशियात असलेला व्हिएतनामही याच वर्तुळात येतो. शिवाय आज ज्यांचे स्वतंत्र राज्य नाही असे रयुक्यू बेटांवरचे (आजच्या ओकिनावाचे) लोक, होक्काइडोचे आयनू आणि एकेकाळी संपूर्ण चीनवर राज्य केलेले मांचू यांना वगळून ही कथा सांगताच येत नाही. येथे भर चीन, कोरिया आणि जपान यांच्या परस्परसंबंधांवर आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी: 'सामाईक' म्हणजे 'एकसारखा' नव्हे. हे लोक एकाच मुळापासून फुटले म्हणून त्यांचा इतिहास सामाईक झालेला नाही. तांदूळ, ग्रंथ, भिक्षू, व्यापारी, युद्धकैदी आणि निर्वासित यांची ये-जा शतकानुशतके चालू राहिली, म्हणून तो सामाईक झाला.

हे सर्व लोक एकाच वंशाचे आहेत का?

नाहीत. बीजिंगजवळच्या झोऊकोउदियान येथे १९२० च्या दशकात सापडलेला 'पेकिंग मानव' हा इरेक्टस या प्राचीन मानवजातीचा होता आणि त्याला आजच्या चिनी लोकांचा थेट पूर्वज मानण्यास आधार नाही. त्याच परिसरातील तियानयुआन गुहेत आधुनिक मानवाचे सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीचे अवशेष मिळाले आहेत. पुढे यांगत्से नदीच्या खोऱ्यात भाताची आणि उत्तरेला पीत नदीच्या खोऱ्यात राळा व वरी यांसारख्या भरड धान्यांची शेती स्वतंत्रपणे उभी राहिली, आणि या दोन्ही प्रदेशांतून शेतकरी समाज चहूकडे पसरत गेले. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरून तैवानमध्ये गेलेल्या लोकांचे भाषिक वारस तर पुढे फिलिपिन्समार्गे न्यूझीलंडपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला मादागास्करपर्यंत पोहोचले.

जपानमध्ये हे मिश्रण विशेष स्पष्ट दिसते. तेथील जोमोन काळातील लोक मुख्यतः शिकार, मासेमारी आणि कंदमुळे यांवर जगत होते, तरीही त्यांची सर्वांत जुनी मातीची भांडी सुमारे १६,००० वर्षांपूर्वीची आहेत; चीनच्या जियांगशी प्रांतातील शियानरेनदोंग गुहेतील खापरे तर सुमारे २०,००० वर्षे जुनी ठरली आहेत. आधी शेती आणि मग भांडी हा शाळेत शिकवला जाणारा क्रम पूर्व आशियात लागू पडत नाही. इ.स.पू. पहिल्या सहस्रकात कोरियन द्वीपकल्पातून आलेल्या लोकांनी क्यूशू बेटावर पाण्यात उभ्या पिकाची भातशेती आणि पुढे धातुकाम नेले. त्या काळाला यायोई म्हणतात. आजच्या जपानी लोकांमध्ये जोमोन आणि स्थलांतरित असे दोन्ही अंश आहेत, आणि आयनू व ओकिनावाच्या लोकांमध्ये जोमोन अंश अधिक आहे.

चिनी, कोरियन आणि जपानी या एकाच कुळातील भाषा आहेत का?

नाहीत, जरी दुरून पाहणाऱ्याला तसे वाटते. चिनी भाषा तिबेटी आणि ब्रह्मी या भाषांच्या कुळातील आहे. कोरियन आणि जपानी यांची वाक्यरचना एकमेकींशी बरीच जुळते आणि मराठीप्रमाणेच क्रियापद शेवटी येते, तरीही त्या दोघींचे नाते सर्वमान्य होईल इतक्या पुराव्यानिशी कोणी सिद्ध केलेले नाही. मराठी आणि कन्नड वेगळ्या कुळांतील असूनही दोघींनी संस्कृतातून भरभरून शब्द घेतले, तशीच कोरियन, जपानी आणि व्हिएतनामी यांची अभिजात चिनीशी स्थिती आहे.

याचा एक विलक्षण परिणाम असा झाला की परस्परांची बोली एक अक्षरही न समजणारे दोन विद्वान कागद आणि कुंचला घेऊन बसत व लिहून संभाषण करीत. कोरियन दूत आणि जपानी पंडित, व्हिएतनामी आणि कोरियन राजदूत यांच्या भेटींत अशा लिखित गप्पा घडल्या, आणि त्यांतील कितीतरी कागद आजही जपून ठेवलेले आहेत.

चिनी लिपी समुद्रापार कशी गेली, आणि तिचे पुढे काय झाले?

लिपीचा सर्वांत जुना भरीव पुरावा शांग राजवंशाच्या आन्यांग येथील राजधानीत सापडलेल्या, भविष्य पाहण्यासाठी वापरलेल्या हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर आहे. त्यांचा काळ सुमारे इ.स.पू. १२५० पासूनचा. चीनच्या हान साम्राज्याने इ.स.पू. १०८ मध्ये कोरियन द्वीपकल्पाच्या उत्तरेस आपली ठाणी बसवली, तेव्हा लिपी, दफ्तर आणि शिक्के त्या मार्गाने पुढे सरकले.

जपानमधील एक वस्तू या प्रवासाची साक्ष देते. १७८४ मध्ये आजच्या फुकुओका शहराच्या हद्दीतील शिकानोशिमा बेटावर शेताचा पाट दुरुस्त करताना सोन्याचा एक शिक्का सापडला. त्याची प्रत्येक बाजू जेमतेम २.३ सेंटिमीटर, वजन सुमारे १०८ ग्रॅम, वर वेटोळे घातलेल्या सापाच्या आकाराची मूठ आणि खाली पाच चिनी अक्षरे आहेत, ज्यांचा अर्थ साधारणपणे 'हानच्या अधीन असलेल्या वा देशातील ना येथील राजा' असा लावला जातो. इ.स. ५७ मध्ये हान सम्राट गुआंगवूने 'वा' म्हणजे जपानी लोकांच्या दूताला शिक्का दिल्याची नोंद चिनी इतिहासग्रंथात आहेच. शिक्का नकली असल्याचा संशय अधूनमधून व्यक्त होत असे. परंतु १९५६ मध्ये युन्नान प्रांतात दियेन राज्याच्या राजाला हान दरबाराने दिलेला, अशाच सापाच्या मुठीचा सोन्याचा शिक्का सापडल्यावर संशयाचा जोर बराच ओसरला.

पुढे प्रत्येकाने लिपी आपल्या जिभेला साजेशी करून घेतली. जपान्यांनी चिनी अक्षरे सुटसुटीत करून 'काना' नावाची दोन अक्षरवळणे तयार केली, तर व्हिएतनाममध्ये चिनी घडणीवरच नवी अक्षरे रचली गेली. कोरियाचा राजा सेजोंग याने १४४३ मध्ये सर्वस्वी नवी वर्णमाला सिद्ध केली आणि १४४६ मध्ये ती जाहीर केली. दरबारातील चोए मानरी या विद्वानाने १४४४ मध्येच तिला लेखी विरोध नोंदवला होता. चीनची लिपी सोडून वेगळी लिपी करणे हे रानटी लोकांचे लक्षण आहे, असा त्याच्या अर्जाचा रोख होता. राजाने माघार घेतली नाही, तरी सरकारी दफ्तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चिनीतच चालले.

बौद्ध धर्म या प्रदेशात कोणत्या वाटेने पसरला?

भारतातून मध्य आशियामार्गे चीनमध्ये आलेला बौद्ध धर्म इ.स. ३७२ मध्ये गोगुर्यो आणि ३८४ मध्ये बेक्जे या कोरियन राज्यांत पोहोचला. बेक्जेच्या राजाने सहाव्या शतकाच्या मध्यास बुद्धमूर्ती आणि ग्रंथ जपानच्या दरबारात धाडले. परंपरेने त्यासाठी ५३८ किंवा ५५२ हे वर्ष सांगितले जाते. म्हणजे जपानला हा धर्म प्रथम कोरियाकडून मिळाला, ही गोष्ट चीन आणि जपान यांच्यापुरतेच बोलणारे लोक सहज विसरतात.

पुढच्या दोन शतकांतील वर्दळ थक्क करणारी आहे. ह्युएन त्सांग भारतातून परतून छांगआन या चिनी राजधानीत भाषांतराचे काम करू लागला, तेव्हा त्याच्या शिष्यवर्गात शिल्ला या कोरियन राज्यातील वोन्चुक होता आणि जपानचा दोशोही होता. ७२० च्या दशकात भारतात फिरलेल्या हेचो या शिल्लाच्या भिक्षूचे प्रवासवर्णन १९०८ मध्ये दुनहुआंगच्या गुहेत मिळाले. नारा येथील तोदाइजी मंदिरातील प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे ७५२ मध्ये बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने रंगवून तिची प्रतिष्ठापना केली. आणि जपानला जाण्याचे पाच प्रयत्न फसून, त्या खटाटोपात दृष्टी गमावलेला चिनी आचार्य जियानझेन ७५३ मध्ये एकदाचा जपानच्या किनाऱ्याला लागला. त्याने स्थापन केलेले तोशोदाइजी मंदिर नारामध्ये उभे आहे.

मग सगळे चीनकडूनच इतरांकडे गेले असे म्हणायचे का?

पहिल्या हजार वर्षांत पारडे चीनकडे झुकलेले होते हे मान्यच करावे लागेल. नारा (७१०) आणि क्योतो (७९४) या राजधान्यांची आखणी छांगआनचा चौकटीदार नकाशा समोर ठेवून झाली. परंतु घेणारे डोळे झाकून घेत नव्हते. कोरियाने ९५८ मध्ये नोकरशाहीसाठी चिनी पद्धतीच्या परीक्षा सुरू केल्या आणि त्या १८९४ पर्यंत चालवल्या. व्हिएतनाममध्ये त्या १०७५ पासून १९१९ पर्यंत, म्हणजे खुद्द चीनने १९०५ मध्ये त्या बंद केल्यानंतरही, होत राहिल्या. जपानमध्ये मात्र घराणेशाही इतकी बळकट होती की ही पद्धत तेथे रुजलीच नाही.

उलट दिशेची उदाहरणेही कमी नाहीत. चीनमध्ये नाहीसे झालेले ग्रंथ कोरियात शिल्लक होते, म्हणून १०९१ मध्ये चीनच्या सोंग दरबाराने गोर्यो या तेव्हाच्या कोरियन राज्याच्या दूतांकडे शंभराहून अधिक ग्रंथांची यादी देऊन प्रती मागितल्या. बौद्ध ग्रंथ छापण्यासाठी तेराव्या शतकात कोरलेले ८१ हजारांहून अधिक लाकडी ठसे कोरियातील हेइन्सा मठात अजून जपलेले आहेत, आणि विसाव्या शतकात जपानमध्ये चिनी त्रिपिटकाची जी प्रमाण आवृत्ती छापली गेली, तिचा मुख्य आधार याच ठशांचा पाठ होता. एकोणिसाव्या शतकात जपान्यांनी समाज, अर्थव्यवस्था, तत्त्वज्ञान अशा पाश्चात्त्य कल्पनांसाठी चिनी अक्षरांतून पारिभाषिक शब्द घडवले, आणि ते चिनी व कोरियन भाषांनी जसेच्या तसे उचलले.

रताळ्याचा प्रवास तर या सगळ्याचे छोटेखानी रूप आहे. अमेरिकेचे हे पीक स्पॅनिश लोकांमुळे फिलिपिन्समध्ये आले, तेथून १५९० च्या दशकात चीनच्या फुजियान प्रांतात पोचले, १६०५ मध्ये रयुक्यू बेटांवर आणि १७०५ मध्ये तेथून दक्षिण जपानमधील सात्सुमा येथे गेले. जपानच्या दौऱ्यावर निघालेल्या कोरियन राजदूताने १७६३ मध्ये त्सुशिमा बेटावर ते पाहिले आणि बेणे मायदेशी पाठवले. दुष्काळात लाखोंना तारणारे हे पीक चारही ठिकाणी गेले ते शेजाऱ्याकडूनच.

समुद्री व्यापार किती मोठा होता?

१९७५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सिनान किनाऱ्यालगत एका कोळ्याच्या जाळ्यात हिरवट झिलईची चिनी भांडी आली, आणि पुढच्या काही वर्षांत समुद्रतळातून एक संपूर्ण जहाज उकलत गेले. ते १३२३ मध्ये चीनच्या निंगबो बंदरातून जपानच्या हाकाता बंदराकडे निघाले होते. त्यात २०,००० हून अधिक चिनी मातीची भांडी, सुगंधी लाकूड आणि सुमारे २८ टन तांब्याची चिनी नाणी होती. ही नाणी जपानमध्ये सरळ चलन म्हणून वापरली जात. मालाला बांधलेल्या लाकडी चिठ्ठ्यांपैकी काहींवर क्योतोच्या तोफुकुजी मठाचे नाव आहे. हा मठ त्याआधी काही वर्षे आगीत जळाला होता, त्यामुळे ही खेप पुनर्बांधणीचा खर्च भागवण्यासाठी असावी असे मानले जाते. चिनी जहाज, जपानी मठाचा माल, आणि बुडाले कोरियाच्या पाण्यात. विशेष म्हणजे चीनमधील मंगोल राजवटीने १२७४ आणि १२८१ मध्ये जपानवर स्वाऱ्या केल्या होत्या, त्यांसाठी जिंकलेल्या कोरियाकडून जहाजे आणि माणसे वसूल केली होती, आणि त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आत हा व्यापार असा फोफावला होता.

चीनला खंडणी देणारी राज्ये चीनची अंकित होती का?

कागदावर होती, व्यवहारात क्वचितच. चीनच्या मिंग आणि नंतरच्या चिंग राजवटींच्या काळात शेजारी राजे भेटवस्तू पाठवत, सम्राट त्यांच्या राजेपणाला मान्यता देई आणि परत पाठवताना बहुधा जास्तच देत असे. खरे आकर्षण त्यानिमित्ताने मिळणाऱ्या व्यापाराच्या परवान्याचे होते. १३७२ मध्ये मिंग दरबाराशी असे संबंध जोडलेल्या रयुक्यूने त्याच बळावर चीन, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया यांच्यातील मध्यस्थ म्हणून भरभराट साधली. १६०९ मध्ये सात्सुमाच्या सामंताने रयुक्यू जिंकले, तरी चीनशी चालणारा व्यापार बुडू नये म्हणून हे राज्य स्वतंत्र असल्याचा देखावा त्यानेच टिकवून ठेवला. दोन धन्यांचा हा संसार जपानने १८७९ मध्ये ते राज्य खालसा करेपर्यंत चालला.

१५९२ ते १५९८ च्या युद्धाला इतके महत्त्व का दिले जाते?

कारण या एका युद्धात तिन्ही देश एकाच वेळी ओढले गेले. जपान एकछत्री केलेल्या तोयोतोमी हिदेयोशीला मिंग चीन जिंकायचा होता आणि वाट कोरियातून जात होती. दीड लाखाहून अधिक सैन्य उतरले आणि सुमारे तीन आठवड्यांत राजधानी सोल पडली. मिंग सैन्य मदतीला आले. समुद्रावर यी सुन-शिन या कोरियन सेनानीने जपानी रसद तोडली, आणि १५९७ मध्ये म्योंगन्यांगच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत अवघ्या तेरा जहाजांनिशी त्याने कितीतरी मोठे आरमार परतवले. हिदेयोशीच्या मृत्यूनंतर सैन्य माघारी गेले. कोरिया उद्ध्वस्त झाला, मिंग तिजोरी खचली, आणि १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळल्यावर मांचूंनी बीजिंग घेतले.

क्योतोमध्ये आजही 'कानांची टेकडी' या नावाची एक समाधी आहे. तिच्यात प्रत्यक्षात आहेत ती मारलेल्या कोरियन आणि चिनी लोकांची नाके. मुंडकी नेणे जड जाई म्हणून ती कापून, मिठात घालून पराक्रमाचा हिशेब म्हणून पाठवली गेली. दुसरीकडे, कैद करून नेलेल्या कोरियन कुंभारांनी जपानचा चिनी मातीच्या भांड्यांचा उद्योग उभा केला, ज्यातील अरिताची भांडी पुढे युरोपच्या राजवाड्यांत पोहोचली. आणि कांग हांग या कैदी विद्वानाच्या सहवासात फुजिवारा सेइका याने जपानमधील नवकन्फ्यूशियन अभ्यासाचा पाया घातला.

समेट कसा झाला, हे तर अधिकच रंजक आहे. कोरियाच्या व्यापारावर जगणाऱ्या त्सुशिमाच्या सो घराण्याने दोन्ही दरबारांना मान्य होतील अशी राजपत्रे बनावट मुद्रा वापरून तयार केली आणि एकमेकांना पोचवली. १६०७ मध्ये पहिले कोरियन दूतमंडळ जपानला आले. बनवाबनवी १६३५ मध्ये उघडकीस आली, तेव्हा शोगुनने, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाने, सो घराण्याच्या प्रमुखाला अभय दिले आणि बिंग फोडणाऱ्या कारभाऱ्याला हद्दपार केले. शांतता फायद्याची असल्याने कोणालाच ती मोडायची नव्हती. १८११ पर्यंत अशी बारा दूतमंडळे गेली. त्यांची कागदपत्रे दोन्ही देशांतील संस्थांनी मिळून सुचवली आणि २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत ती समाविष्ट झाली.

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात हे संबंध इतके का बिघडले?

१८४२ च्या नानजिंग तहाने चीनची आणि १८५३ मध्ये आलेल्या अमेरिकी युद्धनौकांनी जपानची दारे बळाने उघडली. जपानने हा धडा फार लवकर आत्मसात केला: आपल्यावर लादलेल्या तहांसारखाच विषम तह त्याने १८७६ मध्ये कोरियावर लादला, १८९५ मध्ये चीनला हरवून तैवान घेतले आणि १९१० मध्ये कोरिया गिळंकृत केला. तरीही त्याच काळात टोकियो हे आशियाई क्रांतिकारकांचे माहेरघर होते. सुन यत्-सेन यांनी १९०५ मध्ये तेथेच क्रांतिसंघटना स्थापन केली, हजारो चिनी विद्यार्थी तेथे शिकत होते आणि व्हिएतनामचे फान बोइ चाउ मदत मागायला तेथेच आले. १९१९ मध्ये १ मार्चला कोरियात आणि ४ मे रोजी बीजिंगमध्ये उसळलेली आंदोलने जपानी साम्राज्याविरुद्ध होती.

१९३१ मध्ये मांचुरिया बळकावणे, १९३७ मधील नानजिंगचे हत्याकांड, सक्तीची मजुरी आणि सैन्याच्या वेश्यागृहांत डांबलेल्या स्त्रिया यांचे ओझे आजही हलके झालेले नाही. १९४५ नंतर कोरियाची फाळणी झाली, १९४९ पासून चीन आणि तैवान यांच्या वाटा फुटल्या, आणि शीतयुद्धाने शेजाऱ्यांना परस्परांवर बंदुका रोखून उभे केले. जपान आणि दक्षिण कोरिया यांचे संबंध १९६५ मध्ये, जपान आणि चीन यांचे १९७२ मध्ये, तर चीन आणि दक्षिण कोरिया यांचे थेट १९९२ मध्ये सुरळीत झाले.

दीड हजार वर्षांपूर्वीच्या राज्यांवरून आज भांडणे कशी होतात?

चीनच्या जिलिन प्रांतात, जिआन येथे, इ.स. ४१४ मध्ये उभारलेला सहा मीटरहून उंच शिलास्तंभ आहे. तो गोगुर्योचा राजा ग्वांगेतो याच्या पराक्रमाचा, कोरलेला आहे चिनीत, आणि त्यातील झिजलेल्या एका वाक्यात 'वा' म्हणजे जपानी लोकांचा उल्लेख येतो. ते समुद्र ओलांडून आले आणि त्यांनी कोरियन राज्यांना अंकित केले, असा अर्थ जपानी अभ्यासकांनी वसाहतकाळात लावला. कोरियन अभ्यासकांनी कर्ता बदलून नेमका उलटा अर्थ लावला. जपानी लष्कराने अक्षरे बदलल्याचा आरोपही १९७० च्या दशकात झाला, पण स्तंभावरून कागदावर घेतलेल्या जुन्या ठशांशी ताडून पाहिल्यावर तो टिकला नाही. पुढे चीनने गोगुर्यो हे आपल्याच इतिहासातील एक प्रादेशिक राज्य ठरवताच कोरियात संताप उसळला. २००४ मध्ये युनेस्कोने उत्तर कोरिया आणि चीन या दोघांकडील गोगुर्यो स्थळे वेगवेगळ्या नोंदींनी एकाच वेळी वारसायादीत घेतली. माझ्या मते या वादात तिन्ही पक्ष एकच चूक करतात: ज्या राजाला आजच्या सीमा ठाऊकच नव्हत्या, त्याच्या हाती ते आजचे पारपत्र देऊ पाहतात.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी काही खरा संबंध आहे का?

आहे, आणि तो सर्वस्वी अभिमानाचा नाही. ह्युएन त्सांग इ.स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला. येथील लोक स्वाभिमानी, उपकार जाणणारे आणि अपमानाचा सूड घेणारे आहेत, तसेच हर्षालाही दुसरा पुलकेशी जिंकता आला नाही, असे त्याने लिहिले, आणि त्याने वर्णिलेला डोंगरातील विहार अजिंठ्याचा असावा असे मानतात. एकोणिसाव्या शतकात चीनला पोखरणाऱ्या अफूपैकी माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात होती आणि मुंबईच्या कित्येक धनिकांची संपत्ती त्या व्यापारातून आली होती.

१९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जपानविरोधी युद्धातील जखमींवर उपचार करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच मरण पावले. शिजियाझुआंग येथे त्यांचे स्मारक आहे. कोरियन युद्धाचा शस्त्रसंधी २७ जुलै १९५३ रोजी झाल्यावर, मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक चिनी आणि कोरियन युद्धकैद्यांची जबाबदारी भारतीय ताबा दलाकडे आली, ज्याचे नेतृत्व कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्याकडे होते. १९५४ च्या फेब्रुवारीत हे दल परतले, तेव्हा कोणत्याच बाजूला जाण्यास तयार नसलेले ८० हून अधिक कैदी त्याच्याबरोबर भारतात आले.